सासूचा पेपर आणि वाघमोडे सर

परवा आमच्या जर्नलकडे एक पेपर आला. विषय होता नखांना होणारी बुरशी. रुग्ण नऊ आणि लेखक अकरा. म्हणजे दोन लेखकांच्या वाट्याला नखसुद्धा आलं नसणार. मी संपादकाच्या खुर्चीत बसून ती यादी वाचत होते आणि मला वाघमोडे सरांची अशी काही आठवण आली की एकटीच हसत सुटले. सर या खुर्चीत असते तर त्यांनी अकराच्या अकरा जणांना एकेक करून आत बोलावलं असतं, समोरच्या स्टुलावर बसवलं असतं आणि विचारलं असतं, यात तुम्ही काय केलं ते एका वाक्यात सांगा. मराठीत.

डॉ. मल्हारी वाघमोडे आमच्या मेडिकल कॉलेजात पीएसएम विभागाचे प्रमुख होते. पीएसएम म्हणजे आजार होऊ नये म्हणून काय करायचं ते शिकवणारं खातं. आजारी माणसाला त्याचा पत्ता नसतो आणि बाकीचे डॉक्टर त्याला डॉक्टरकीत धरत नाहीत. कॉलेजचं संशोधनाचं एक जर्नल होतं, तीन महिन्यांनी निघायचं. ते कुणालाच नको होतं, म्हणून सरांच्या गळ्यात पडलं. मी त्यांच्या विभागात नुकती लागले होते, सगळ्यांत ज्युनिअर, म्हणून सहायक संपादकपद माझ्या गळ्यात पडलं.

सर मूळचे कन्नड तालुक्यातल्या एका वस्तीवरचे. वडील मेंढरं राखायचे, आणि शाळा सुटली की सरही. उंच, काटक अंग, चालणं इतकं भराभर की बरोबरच्या माणसाने पळायचं. राहायला बजाजनगरात. डॉक्टर माणूस कामगारांच्या वस्तीत का राहतो असं कुणी विचारलं तर म्हणायचे, तिथं सकाळी सहाला सगळे उठलेले असतात. तिथून जुन्या स्कूटरवर कॉलेजात यायचे. डब्यात बारमाही ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. कांदा टेबलावर बुक्कीने फोडायचे. त्याच टेबलावर देशोदेशीच्या संशोधनाचे कागद पडलेले असायचे, त्यामुळे आमच्या जर्नलच्या कागदांना कांद्याचा वास यायचा आणि परीक्षणाला कागद घरी नेणारे प्राध्यापक कुरकुर करायचे.

बोलणं मात्र वस्तीवरचं. डीनसमोर, मंत्र्यासमोर, परदेशी पाहुण्यासमोर, सगळीकडे तेच. इंग्रजी फक्त लिहायचे आणि ते इतकं नेटकं लिहायचे की मला हेवा वाटायचा. वागण्यात एक गोष्ट पक्की होती. पहिल्या वर्षाच्या पोरापासून झाडू मारणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. मला मॅडम म्हणायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं थट्टा करताहेत.

मी गुलमंडीच्या जुन्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात वाढलेली. आमच्याकडे गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. हवा तो रंग नसला तरी दुसरे चार रंग उलगडून दाखवायचे आणि माणसाला काहीतरी घेऊनच घरी पाठवायचं. सरांचा सगळा कारभार 'नाय' या एका शब्दावर चालायचा. त्यामुळे पहिली दोन वर्षं माझं आणि सरांचं अजिबात पटलं नाही. मला ते हट्टी वाटायचे. होतेही.

आता नावांची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पेपरवर नावं घालायची रीत लग्नपत्रिकेची आहे. पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं की तो मांडवात फुगून बसतो, म्हणून सगळ्यांची घालायची. इथंही तसंच. विभागप्रमुखांचं घालायचं, कारण ते प्रमुख. त्यांच्या मित्राचं घालायचं, कारण त्याची बढती अडलीय. शेजारच्या विभागातल्या बाईंचं घालायचं, कारण मागच्या वेळी त्यांनी आपलं घातलं होतं. ज्या पोराने रात्रंदिवस वॉर्डात उभं राहून काम केलं त्याचं नाव शेवटी कुठेतरी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

सरांनी एक स्टूल आणलं. बिनपाठीचं, लोखंडी. पेपर आला की त्यावरच्या प्रत्येक लेखकाला या स्टुलावर बसावं लागायचं. एकदा सर्जरीच्या एका पेपरवर सात नावं होती. पाचवं नाव खुद्द सर्जरीच्या प्रमुखांचं. त्यांना आपण देशमुख साहेब म्हणू. घरचे मोठे जमीनदार, कडक इस्त्रीचा कोट, स्टुलावर बसायची सवय नाही. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. देशमुख साहेब म्हणाले, मी विभागप्रमुख आहे. सर म्हणाले, ते झालं पद, मी काम विचारतोय. देशमुख साहेब म्हणाले, माझ्या मार्गदर्शनाखाली झालंय. सरांनी मान डोलावली आणि अगदी आदराने विचारलं की रुग्ण किती होते. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग विचारलं, निष्कर्ष काय निघाला. साहेब उठले. जाताना दार इतक्या जोरात लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. सरांनी ते उचलून पुन्हा खिळ्याला लावलं आणि पेपरवरच्या पाचव्या नावावर पेन्सिलीने रेघ मारली.

डीन साहेबांचं नाव तर निम्म्या पेपरांवर असायचं. सर एकदा तसा एक पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले, सोबत मी. डीन साहेब चांगला माणूस. त्यांनी चष्मा लावून पेपर पाहिला आणि विचारलं, माझं नाव आहे का यात? कशावर आहे हा? सरांनी विषय सांगितला. डीन साहेबांना तो आवडला. दहा मिनिटं ते त्यावर छान बोलले, आणि तेवढ्यात त्यांना कळून चुकलं की तो आपण आज पहिल्यांदाच ऐकतोय. त्यांचं नाव आभारात गेलं. त्या दिवसापासून ऑफिसकडून येणारा जर्नलचा चहा मात्र बंद झाला, आणि सर बजाजनगरातून थर्मास आणायला लागले.

आमची पानं लावून देणारे इस्माईलभाई जुन्या शहरातले. ते वैतागून मला म्हणायचे, "मॅडम, सर नामां काट देरें, पन्ना कैसे भरूँ मैं?" त्यांचं खरंच होतं. सरांच्या हातून गेलेल्या पेपरच्या डोक्यावर भलीमोठी कोरी जागा उरायची.

सरांची दुसरी खोड आकडे वाचायची. लोक कादंबरी वाचतात तसे सर तक्ते वाचायचे, ओठ हलवत. एकदा सचिन नावाच्या पीजीच्या विद्यार्थ्याचा पेपर आला. झोपडपट्टीतल्या लोकांचं ब्लडप्रेशर. मी वाचून पुढे पाठवला होता, मला त्यात काही खटकलं नव्हतं. सर अर्धा तास ओठ हलवत बसले आणि म्हणाले, ही माणसं लईच शहाणी दिसतात, एकाचंबी प्रेशर जरा इकडंतिकडं होईना. मी म्हटलं, सर, योगायोग असेल. तर म्हणाले, मॅडम, शंभर मेंढरांचा कळप राखलाय मी. त्यात दोन मेंढरं सारखी नसतात. सारखी दिसली की समजायचं, राखणारा झाडाखाली झोपला व्हता.

त्यांनी सचिनला स्कूटरवर मागे बसवलं आणि यादी घेऊन थेट त्या वस्तीत गेले. पहिली काही घरं सापडली. पुढची सापडेनात, कारण पुढची घरं सचिनने हॉस्टेलच्या खोलीत बसून बांधली होती. मला वाटलं, आता याचं करिअर संपलं. सरांनी त्याच्या गाईडला सगळं सांगितलं, पेपर परत केला, आणि सचिनला सांगितलं की पहिल्या घरापासून सुरू करा. दिवाळीच्या सुट्टीत तो पोरगा घरोघर मशीन घेऊन फिरला. लोकांनी त्याला इतका फराळ खाऊ घातला की त्याचंच प्रेशर वाढलं. दीड वर्षाने तो पेपर छापून आला. आकडे वाकडेतिकडे, काही ठिकाणी तर निष्कर्षच निघेना, आणि तसं सचिनने सरळ लिहिलं होतं. सरांनी तो अंक घरी नेऊन बायकोला दाखवला. ही गोष्ट मला काकूंनीच सांगितली.

हे सगळं खरं, पण सर स्वतः फार थोडं लिहायचे. त्यांच्या नावाचा म्हणावा असा पेपर एकच होता, आणि कॉलेजात सगळे त्याला 'सासूचा पेपर' म्हणायचे. तो त्यांचा जीव होता.

गरोदर बायकांना अंगात रक्त वाढायच्या गोळ्या मिळतात. त्या फुकट असतात आणि बायका त्या घेत नाहीत. मळमळतं, विसरायला होतं, कुणी म्हणतं पोर काळं होतं. सरांच्या डोक्यात आलं की घरात सगळ्यांत जास्त ऐकलं जातं सासूचं, तर ही गोळी सासूच्या हातून द्यावी. रोज जेवण झालं की सासूने सुनेच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि ती पोटात गेलेली बघायची. कन्नडकडच्या काही गावांत गोळ्या नेहमीसारख्या वाटल्या, आणि गंगापूरकडच्या काही गावांत सासूच्या हातून दिल्या. दोन्हीकडे रक्त तपासलं. गंगापूरकडच्या बायकांचं रक्त चांगलं वाढलेलं निघालं. सर आणि मी वर्षभर त्या गावांत हिंडलो होतो. पेपरवर दोनच नावं, पहिलं त्यांचं, दुसरं माझं. मदत करणाऱ्या सगळ्या सिस्टरांचे आभार नावानिशी. दूरच्या एका मोठ्या जर्नलमध्ये तो छापून आला. कुठल्या कुठल्या राज्यांतून डॉक्टरांची पत्रं आली की आम्हीही हे करून बघतो. सर ती पत्रं माझ्या वडिलांच्या दुकानातून आणलेल्या साडीच्या खोक्यात ठेवायचे. निकाल सांगायला आम्ही गावोगाव परत गेलो होतो तेव्हा सासवा अशा काही खूश झाल्या होत्या की एकीने सरांना आहेर केला होता.

सरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. सत्काराची तयारी चालली होती, स्मरणिकेत सासूचा पेपर पुन्हा छापायचं ठरलं होतं. अशात एक दिवस लसीकरणाच्या ओपीडीत एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. कन्नडकडच्या देवगाव रंगारीची माहेरवाशीण, सासर गंगापूरकडचं. तिने सरांना लांबून ओळखलं आणि जवळ येऊन विचारलं, सासूच्या गोळीचे डॉक्टर तुम्हीच ना? ही त्यातलीच पोर. सर इतके खूश झाले की त्यांनी थर्मासमधला चहा त्या बाईला दिला आणि मला म्हणाले, मॅडम, नाव बघा यांचं आपल्या वहीत. तिने नाव सांगितलं वैष्णवी. सापडलं. गंगापूरच्या वहीत, सासूच्या हातच्या गोळीवाल्या बायकांत.

बाई हसून म्हणाली, "आन् तिकडच्या वहीत बी आसंल की. सातव्या महिन्यात माहेरी गेले बाळंतपणाला, तर तिथल्या सिस्टरनी परत रगत काढलं, परत नाव लिव्हलं. संगीता म्हनून. माहेरी मला कोन वैष्णवी म्हनतंय?"

सरांनी विचारलं की त्या वेळी सांगितलं का नाही. ती म्हणाली, कुणी विचारलंच नाही, आणि दोन डाव तपासलं तर चांगलंच की.

मी कन्नडची वही काढली. संगीता होती. वडिलांच्या नावासकट, माहेरच्या पत्त्यासकट. लग्नात नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहिलं होतं आणि आधार कार्ड अजून जुन्याच नावाचं होतं. एकच बाई आमच्या दोन्ही पारड्यांत बसली होती. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत काही एकट्या तिच्याच घरची नव्हती.

पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं फोन करत होतो, गावोगावच्या आशाताईंना विचारत होतो, सुट्टीच्या दिवशी गावांत जात होतो. रोज एखादी वैष्णवी संगीता निघायची, एखादी पूजा मंदा निघायची. ती नावं वगळून मी पुन्हा गणित केलं. सासूच्या गोळीचा फायदा पार नाहीसा झाला नाही, पण ठामपणे सांगावा इतका उरला नाही. तो कागद मी सरांपुढे ठेवला. त्यांनी ओठ हलवत वाचला. मग म्हणाले, "माझी आई माहेरी सोनाबाई व्हती, सासरी गंगूबाई. मामा आला की सोने म्हणून हाक मारायचा, आन् आम्ही पोरं हसायचो. बाहेरगावचा माणूस आसता तर म्हनलो आसतो, त्याला इथलं काय ठावं. मला तर ठावं व्हतं."

मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची कीव यायला हवी होती. खरं सांगते, मला आधी माझी आली. माझ्या बढतीची मुलाखत दीड महिन्यावर होती. बढतीला ठरावीक पेपर लागतात, हा गेला की माझी संख्या भरत नव्हती. सर म्हणाले, पेपर मागं घ्यावा लागंल, पण दुसरं नाव तुमचं हाये, तुमच्या सहीबिगर पत्र जाणार नाय. मी म्हटलं, सर, कुणाला कळणार आहे? हे मी म्हटलं. आज संपादकाच्या खुर्चीत बसून ते आठवलं की माझे कान गरम होतात.

"आपल्या दोघांला कळलं," सर म्हणाले. "लई झालं तेवढं."

मी चार दिवस सही केली नाही. सरांनी एकदाही आठवण केली नाही, आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. रोज कांदा फोडून अर्धा माझ्यापुढे ठेवत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पाचव्या दिवशी मी सही केली आणि पुढचा महिना त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्या मोठ्या जर्नलला हे प्रकरण झेपेना. त्यांच्याकडे चुकीबद्दल तक्रार करायचा फॉर्म होता, पण स्वतःची चूक स्वतः सांगायची सोय त्यात नव्हती. सरांनी तोच फॉर्म भरला. तक्रारदाराचं नाव, डॉ. मल्हारी वाघमोडे. तक्रार कुणाविरुद्ध, डॉ. मल्हारी वाघमोडे. तक्रारदाराचे आणि त्या व्यक्तीचे संबंध कसे आहेत, असाही एक रकाना होता. सरांनी लिहिलं, अलीकडे बिघडले आहेत. ते वाचून माझा रुसवा अर्धा पळाला. तिकडून पत्र आलं की आपल्यावर कुणाचा दबाव आहे का. सरांनी कळवलं, देवगाव रंगारीच्या एका बाईचा आहे.

यथावकाश तो पेपर मागे घेतला गेला. त्याच्या प्रत्येक पानावर तिरकी लाल अक्षरं उमटली, तो मागे घेतल्याची. स्मरणिकेतून तो गेला, सत्कार साधेपणाने करायचं ठरलं, आणि कॉलेजात अर्थातच चर्चा झाली. स्टुलावर बसलेल्या सगळ्यांना आता बोलायला तोंड फुटलं. देशमुख साहेब मुद्दाम जर्नलच्या खोलीत आले. दारातच उभं राहून त्यांनी चारचौघांत विचारलं, काय वाघमोडे, या पेपरमध्ये तुम्ही नक्की काय केलं?

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "चूक केली," म्हणाले.

देशमुख साहेब आत आले आणि चक्क त्या स्टुलावर बसले. थर्मासमधला चहा प्यायले. काय बोलले मला माहीत नाही, मी बाहेर आले होते. माझी मुलाखत त्या वर्षी झाली नाही, दोन वर्षांनी झाली. दोन वर्षांनी माणूस काही मरत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी चिडले असते.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात सर म्हणाले, मॅडम, जर्नलला कळवलं, डीनला कळवलं, ज्यांचं रगत काढलं त्यांला कोण सांगणार? आणि आम्ही कॉलेजच्या जीपने गंगापूरकडच्या त्या गावांत गेलो. तसं कुठलाच नियम सांगत नाही. मी तरी असा नियम वाचलेला नाही.

शेवटच्या गावात अंगणवाडीच्या ओसरीवर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. सुना होत्या, त्यांच्या सासवा होत्या, आणि त्या पेपरातली पोरं अंगणात मातीत खेळत होती. सरांनी उभं राहून सगळं सांगितलं. नावं दोनदा आली, हिशेब चुकला, सासूच्या हातच्या गोळीने जास्त रक्त वाढतं असं आम्ही सांगितलं होतं ते आता खात्रीनं सांगता येत नाही. मग पुढेच बसलेली एक म्हातारी सरळ सरांकडे बघत म्हणाली, "म्हंजी म्या रोज उन्हातानाचं शेतातून येऊन गोळी दिली ती वाया गेली व्हय?"

"नाय आजी. गोळी बरोबर व्हती. तुमचा हात बी बरोबर व्हता. मोजणारा चुकला."

"मोजणारा कोन व्हता?"

"मीच व्हतो."

म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग परत मोज की नीट," ती म्हणाली. "आता घरोघर नव्या सुना हाईत. बस खाली."

सर हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. म्हणाले, असं लगेच नाही करता येत, परवानगी काढावी लागते, समितीची आणि तुमची. म्हातारी म्हणाली, आमची आत्ता घे, त्यांची मागून घे.

सर ओसरीवर मांडी घालून बसले. चार दिवसांनी निवृत्त होणारा माणूस. त्यांनी माझ्याकडून कोरी वही मागून घेतली आणि पेन्सिलीने रकाने आखायला घेतले. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. म्हातारी पुढे वाकून ते आखणं बघत होती. तिने विचारलं की मागच्या वहीत माझं नाव कुठंय. सरांनी जुनी वही उघडून तिच्या सुनेचं पान काढलं. गोळी कुणाच्या हातून दिली, असा एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं, सासू. त्याच्या खाली, सासू. पानभर खालपर्यंत, सासू, सासू, सासू. अक्षर माझं होतं.

चेहरा कुठे लपवू असं मला झालं. सरांनी नव्या वहीत आणखी एक रकाना आखला आणि म्हातारीला म्हणाले, "सांगा आजी."

"कोनतं सांगू?"

"दोन्ही."

सासरचं तिने पटकन सांगितलं. दुसऱ्याला वेळ लागला. तिने पदर सारखा केला, अंगणातल्या पोरांकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, चांगुणा. शेजारी बसलेल्या सुनेने मान वळवून सासूकडे बघितलं. सहा-सात वर्षं एका चुलीवर रांधूनही ते नाव तिने ऐकलेलं नव्हतं. सर ओठ हलवत, एकेक अक्षर जपून, वहीत लिहीत होते.